गाडी कोणाची सांगायची?

लग्नाची तिथी निघाली की मांडववाला आणि आचारी यांच्याही आधी आमच्या घरात एक विषय निघायचा, गाडी कोणाची सांगायची. आजोबांच्या चार मुलांपैकी दोघं धुळ्याला, दोघं जळगावला स्थिरावले होते. आत्या सुरतेला उधन्यात दिलेली, आणि नवस-कुळाचार सगळे सप्तशृंगीच्या गडावर. त्यामुळे वर्षभर कोणी ना कोणी निघालेलंच असायचं. अखाजीला लेकी आणायच्या, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईच्या रोटांना गावी जमायचं, चैत्रात गड करायचा. घरात वाहन म्हणाल तर सायकली आणि मोठ्या काकांची स्कूटर. एरवीचा सगळा प्रवास एसटीने. पण वऱ्हाड, मूळ आणि आजारपण ही तीन कामं गाडीची, आणि गाडी भाड्याचीच.

आम्ही चुलत-आत्ये भावंडं आता पन्नाशी ते सत्तरीतली. कोणाच्याही ओट्यावर बसलो की बोलणं फिरून भाड्याच्या गाड्यांवर येतंच. कोणाला काय भाव पडला, कोणत्या मालकाने शब्द पाळला, कोणाच्या गाडीत स्टेपनीच नव्हती. ऐकणाऱ्याला ही जुनी उजळणी वाटेल. पण आमच्या घरात याच बोलण्यावर गाड्या ठरायच्या. तेव्हा दर विचारायला फोनही नव्हता. जो शेवटचा जाऊन आला त्याचा अनुभव हाच दरपत्रक.

घरात गाडी ठरवणारे दोघं. धुळ्याचे जिभाऊ आणि जळगावचे नाना. सख्खे भाऊ, पण रीत अगदी उलटी. जिभाऊंचा भर उक्त्या भाड्यावर. जायचं कुठे, यायचं कधी, माणसं किती, एवढं सांगायचं आणि एकच रक्कम ठरवायची. नाना किलोमीटरवर गाडी घ्यायचे. जेवढी पळेल तेवढे पैसे. या दोघांचा वाद आमच्या लहानपणापासून त्यांच्या म्हातारपणापर्यंत चालला, आणि आज मागे वळून पाहताना मला वाटतं, दोघंही आपापल्या गावापुरते बरोबर होते.

धुळ्याची गोष्ट अशी, की तिथे मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि सोलापूर असे तीन महामार्ग एकत्र येतात. मुंबईहून इंदूरला, सुरतेहून अकोल्याला, संभाजीनगरहून गुजरातेत निघालेली गाडी धुळ्यातून जाते. सवारी सोडून रिकामी परतणारी गाडी आग्रा रोडवर चहाला थांबते. रिकामी जाण्यापेक्षा डिझेल निघालं तरी बरं, असा त्या ड्रायव्हरचा हिशोब. जिभाऊ देवपूरहून सकाळी फिरायला निघायचे ते हेच बघायला. गाडीभोवती एक चक्कर मारायचे, टायर बघायचे, मग चहा सांगून अहिराणीत विचारायचे, “भाऊ, खरं सांग, कितलं लेशी?” पलीकडचा खान्देशातला निघाला की अर्धं काम झालं. अशी परतीची गाडी निम्म्या भावात मिळे. मात्र ती एकाच दिशेला जाणारी. येतानाची सोय दुसरी, म्हणून लग्नाला जिभाऊ अशी गाडी कधी घेत नसत. माणूस पोचवायचा असेल, सामान न्यायचं असेल, तेव्हाच.

जळगावचं गणित वेगळं. स्टेशनबाहेर टॅक्सी उभ्या राहायच्या त्या अजिंठ्याच्या पाहुण्यांसाठी. लेणी जळगावहून साठेक किलोमीटर, आणि मोठ्या मार्गावरचं जवळचं स्टेशन हेच. थंडीत परदेशी प्रवासी उतरायचे, तेव्हा गाडीवाला आमच्याकडे ढुंकूनही बघायचा नाही. उन्हाळ्यात पर्यटक आटले की तोच मालक घरी येऊन विचारायचा, यंदा घरात काही कार्य आहे का. पण उन्हाळाच लग्नसराईचा. तिथी दाट असली की भाव पुन्हा चढणार. नाना पंचांग बघून गाडी सांगायचे. एकाच मुहूर्तावर तालुक्यात किती लग्नं आहेत याचा अंदाज घेऊन महिनाभर आधी विसार द्यायचे. अधिक महिन्यात लग्नं नसतात, गाड्या दारात उभ्या. जावयांना अधिकाचं वाण द्यायला जायचं तर गाडी हमखास स्वस्त.

नानांच्या किलोमीटरच्या पद्धतीत आम्हा पोरांना काम असायचं. निघताना काट्यावरचा आकडा नाना मोठ्याने वाचायचे, ड्रायव्हरकडून वदवून घ्यायचे आणि सिगारेटच्या पाकिटाच्या मागे लिहायचे. मग धुळ्याचा रस्ता लागला, बांभोरीजवळ गिरणेचा पूल गेला, की आम्ही खिडकीशी. रस्त्याच्या कडेचे पिवळ्या डोक्याचे दगड मोजायचे. एरंडोल ओलांडून पारोळ्याकडे जाताना दहा दगड झाले की ओरडायचं. नाना काट्याकडे बघायचे. दहा दगडांना काटा दहाच पुढे सरकला असेल तर गाडी सरळ. एकदा तो अकरावर गेला. पुन्हा मोजायला लावलं, पुन्हा अकराच. नाना ड्रायव्हरवर चिडले नाहीत. उतरल्यावर मालकाकडे गेले आणि शांतपणे हिशोब मांडला: पाचशे किलोमीटरच्या फेरीत पन्नास किलोमीटर हवेतले होतात, तेवढे वजा करा. टायर झिजला की घेर कमी होतो, चाक जास्त फेरे घेतं आणि काटा थोडा पुढे पळतो, हे खरं आहे. पण दहाला एक एवढा फरक झिजलेल्या टायरने पडत नाही. मालकाने पैसे वजा केले, आणि त्याची गाडी आमच्या घरात पुन्हा कोणी सांगितली नाही. धुळ्यालाही निरोप गेला, सुरतेलाही पत्र गेलं.

तिसरी रीत होती ‘डिझेल तुमचं’. मालक दिवसाचं गाडीभाडं घेणार, ड्रायव्हर त्याचा, डिझेल आपण भरायचं. ऐकायला ही सगळ्यात स्वस्त, आणि माझ्या मते सगळ्यात फसवी. गाडी निघताना टाकी किती भरलेली होती यावरच सगळं अवलंबून. आमच्याकडे नियम होता. निघताना मालकाच्या माणसासमोर पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरायची, हे डिझेल मालकाचं. परत आल्यावर त्याच पंपावर पुन्हा गळ्यापर्यंत, ते आपलं. मधल्या पावत्या चुलतभावाच्या खिशात. माझी भाची न्यू जर्सीत भाड्याची गाडी घेते तेव्हा तिला हाच नियम पाळावा लागतो, भरलेली घ्या, भरून द्या. तिने सांगितलं तेव्हा आमच्याकडे कोणालाच नवल वाटलं नाही.

भाडं ठरताना पैशांव्यतिरिक्तचं सगळं बोलायची ती मोठी काकू. ती अड्ड्यावर कधी गेली नाही. मालक विसार घ्यायला घरी आला की ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून विचारायची. ड्रायव्हरचा भत्ता यात धरला का? रात्री मुक्काम पडला तर त्याचे वेगळे किती? तो झोपणार कुठे? किलोमीटर तुमच्या दारापासून मोजणार की आमच्या? शेवटचा प्रश्न फार मोलाचा. मालकाचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला असेल तर येण्याजाण्याचे दहा-वीस किलोमीटर आपल्याच डोक्यावर बसतात, आणि ते बिलात दिसले की भांडण होतं. गाडी बंद पडली तर दुसरी देणार का, आणि तोपर्यंतचे पैसे कोणाचे, हेही तीच विचारून घ्यायची. जिभाऊ आणि नाना भावासाठी तासभर घासाघीस करायचे. पैसे खरे वाचायचे ते काकूच्या या प्रश्नांमुळे. हे दोघांनीही कबूल केलं होतं.

ड्रायव्हरच्या झोपेबद्दल ती फार कडक होती. वऱ्हाडाची गाडी आदल्या रात्री दुसरं भाडं मारून आली असेल तर तिला बरोबर कळायचं. त्याचे डोळे बघायची, चहा द्यायची आणि विचारायची, “रातभर कुठे होतास रे दादा?” एका लग्नाला तिने गाडी तासभर थांबवली. त्या पोराला ओसरीवर सतरंजी टाकून झोपायला लावलं, तिकडे मुहूर्त जवळ येतोय म्हणून सगळे हवालदिल. तरी ती हलली नाही. लालिंगच्या घाटात आणि राहूडच्या घाटात ट्रक उलटलेले सगळ्यांनी पाहिले होते. वाटेत डबा सुटला की पहिली दशमी आणि ठेचा ड्रायव्हरला. ढाब्यावर ड्रायव्हरला जेवण फुकट असतं, म्हणून तो स्वतःच्या ओळखीच्या ढाब्यावर गाडी वळवतो आणि तिथली शेवभाजी सगळ्यांना महागात पडते. काकूने त्याला आपल्या पंगतीत बसवलं की तोही प्रश्न मिटायचा.

आजारपणाच्या गाडीला मात्र भाव विचारायचा नसतो. आजोबांना रात्री छातीत दुखायला लागलं आणि नाशिकला न्यायचं ठरलं, तेव्हा धुळ्यातल्या एका मालकाने पैशांचा विषयही न काढता गाडी दारात आणली. त्या मालकाकडून आम्ही वर्षानुवर्षं लग्नाच्या गाड्या घेतल्या होत्या. दुसरीकडे दोनशे रुपये कमी पडत असतानाही जिभाऊंनी त्याला सोडलं नव्हतं. तोवर आम्हा तरुण मंडळींना हा जिभाऊंचा हट्ट वाटायचा. मला विचाराल तर, भाड्याच्या गाडीत सगळ्यात मोठी बचत हीच. एक-दोन मालकांशी घरोबा हवा आणि त्यांचा हिशोब वेळेवर चुकता हवा.

गाड्या बदलत गेल्या. आमच्या लहानपणी अँबॅसिडर. पुढच्या सलग सीटवर ड्रायव्हरला धरून चौघं, मागे जेवढे मावतील तेवढे, वर कॅरिअरवर ट्रंका आणि बाहेर लटकणारी पाण्याची छागळ. वैशाखात खान्देशचं ऊन तुम्हाला माहीत आहे. खिडकीला ओला टॉवेल लावून आम्ही जायचो. मोठं वऱ्हाड असेल तर मॅटॅडोर, नाहीतर एसटीची प्रासंगिक कराराची बस. पन्नासेक माणसांना ती बस माणशी हिशोबात कोणत्याही गाडीपेक्षा स्वस्त पडायची, आणि आजही पडते. लोक विसरतात म्हणून सांगतो. मग ट्रॅक्स आल्या. १९९४ मध्ये टाटा सुमो आली आणि वऱ्हाडाचं गणितच बदललं. दहा माणसं एका गाडीत, म्हणजे दोन अँबॅसिडरचं काम एकीत. २००० मध्ये क्वालिस आली, ती लोकांना इतकी आवडली की २००५ मध्ये कंपनीने तिच्या जागी इनोव्हा आणली तेव्हा कितीतरी मालकांनी जुनी क्वालिसच सांभाळून ठेवली. एसी आला तसा ठरावात एक नवा मुद्दा आला, एसीचा दर वेगळा की त्यातच, आणि घाटात ड्रायव्हर एसी बंद करणार का.

सुरतेच्या आत्याकडे जायचं म्हणजे साक्री, कोंडाईबारीचा घाट, नवापूर, मग गुजरात. नवापूरचं स्टेशन निम्मं महाराष्ट्रात, निम्मं गुजरातेत, हे दाखवायला प्रत्येक वेळी एखादा काका असायचाच. पण गाडीवाल्याला महत्त्वाचा तिथला नाका. गाडीचं परमिट फक्त महाराष्ट्राचं असेल तर शेजारच्या राज्याचा कर भरून तात्पुरतं परमिट काढावं लागायचं, आणि तो खर्च कोणाचा हे आधी ठरलं नसेल तर वऱ्हाड नाक्यावर खोळंबायचं. आत्या म्हणून सुरतेहूनच गाडी पाठवायची, कधी जळगावहून जाणाऱ्यांना रेल्वेने नंदुरबारमार्गे या म्हणायची. २०२१ पासून पर्यटक गाड्यांचं देशभराचं परमिट ऑनलाइन मिळतं. तरी गाडी ठरवताना ते आहे का, हे विचारावंच.

एका बाबतीत मात्र आमच्या पिढीत मतभेद आहेत आणि मी माझं मत सोडणार नाही. गावात ज्याच्या त्याच्या दारात आज गाडी आहे. शेजारचा मुलगा म्हणतो, काका, माझी अर्टिगा घेऊन जा, डिझेल टाका आणि मला काहीतरी द्या. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी, पिवळ्या पाटीच्या गाडीपेक्षा हजार-दीड हजाराने स्वस्त. पण खाजगी गाडीच्या विम्यात गाडी भाड्याने चालवायला मनाई असते. भाडं घेऊन माणसं नेताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. पिवळ्या पाटीच्या मालकाला प्रवाशांचा विमा, दरवेळचं पासिंग, कर, परमिट सगळं भरावं लागतं. त्याचा दर चढा असतो तो त्यामुळे. माझा धाकटा चुलतभाऊ म्हणतो, इतकी वर्षं काही झालं नाही. मी त्याला इतकंच सांगतो, की आपण गाडीत लेकीबाळी बसवतो. स्वतः चालवायची भाड्याची गाडी घ्यायची असेल तर तिची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. १९८९ च्या योजनेत असा परवाना घ्यायला किमान पन्नास गाड्या लागायच्या, त्यामुळे जळगाव-धुळ्यासारख्या गावांत ती सोय आमच्या पिढीला कधी माहीतच नव्हती. पुण्याहून भाचे आता तशा गाड्या घेऊन येतात. निघण्यापूर्वी गाडीच्या चारी बाजूंचे, प्रत्येक ओरखड्याचे फोटो काढतात. नाना असते तर त्यांना हे मनापासून आवडलं असतं.

अजिंठ्याबद्दलही दोन शब्द, कारण बाहेरचे पाहुणे आले की गाडी आम्हालाच सांगावी लागते. सोमवारी लेणी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. हे न बघता दोन दिवसांची गाडी ठरवली की एक दिवस वाया. फर्दापूरच्या तिठ्यावर गाडी थांबते, पुढे लेण्यांपर्यंत बसने जावं लागतं. म्हणजे चार-पाच तास गाडी उभी. अशा फेरीला किलोमीटरचा हिशोब मालकाला परवडत नाही, उक्तं भाडंच द्यावं आणि थांबण्याचे वेगळे पैसे नाहीत हे बोलून घ्यावं. इथे जिभाऊंची रीत जळगावातही खरी ठरते.

यंदा चैत्रात गडावर जायचं ठरलं आहे. मोठी काकू आता ऐंशीच्या पुढे आहे आणि तिला यायचंच आहे. २०१८ मध्ये गडावर ट्रॉली सुरू झाल्यापासून पायऱ्यांचा प्रश्न उरला नाही. गेल्या रविवारी जळगावला बसून गाडीचा हिशोब मांडला. मालक आता दिवसाला किमान तीनशे किलोमीटरचे पैसे लावतात, गाडी कमी पळाली तरी. जळगावहून गड करून परत यायला साडेचारशेच्या पुढे जातं. किलोमीटरला १२ रुपये धरले तर ४६० किलोमीटरचे ५,५२० रुपये, वर भत्ता आणि वाटेतले टोल. धुळ्याहून मालेगाव-कळवणमार्गे जाऊन-येऊन तीनशेच्या आत भागतं, म्हणजे किमान दराचे ३,६००. फरक १,९२० रुपयांचा. धुळ्याची तिघं आणि जळगावची तिघं, एकच गाडी पुरते. नव्या पिढीने लगेच सुचवलं, जळगावहूनच गाडी घेऊ, काकूला त्रास नको.

काकूने विचारलं, एसटीला मला तिकीट किती? पंचाहत्तरीच्या पुढच्यांना २०२२ पासून तिकीट नाही, बायकांना २०२३ पासून निम्मं, हे तिला ठाऊक होतंच. म्हणाली, मी धुळ्यापर्यंत एसटीने येते, सकाळच्या गाडीला गर्दी नसते, जिभाऊच्या घरी जेवते, मुक्काम करते, आणि पहाटे तिथूनच निघू. यात्रेच्या दिवसांत खाजगी गाड्या नांदुरीलाच अडवतात, वर एसटीनेच जायचं असतं, तेव्हा एसटीचं वावडं कशाला? धुळ्याच्या चुलतभावाने त्याच जुन्या मालकाच्या मुलाला फोन लावला. त्याने दर सांगितला तो आमच्या हिशोबापेक्षा रुपयाने कमी. मग काकूने फोन मागून घेतला आणि विचारलं, किलोमीटर तुझ्या दारापासून की आमच्या?